इंजिन बांधलं, पण ट्यूनिंग टिकत नाही: कार्बोरेटरला हात लावण्याआधी काय तपासायचं

तक्रार साधारण एकाच क्रमाने येते. मोटारसायकलच्या सिलिंडरचा बोअर मारला (आतून घासून मोठा केला), नवा पिस्टन आणि रिंगा टाकल्या, वॉल्व्ह घासले, गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू झाली. ट्यूनिंग करून घेतलं, आठवडाभर छान चालली. मग स्लो (ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) हलायला लागला, गरम झाल्यावर चौकात बंद पडू लागली, बेळगावजवळचा वंटमुरी घाट चढताना मिसिंग मारू लागली आणि पेट्रोल जास्त खाऊ लागली. पुन्हा गॅरेज, पुन्हा स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे, पुन्हा चार दिवस बरं. तिसऱ्या खेपेला निकाल येतो की कार्बोरेटर गेला, नवा टाका. नवा टाकूनही गाडी तिथेच.

यात कार्बोरेटर क्वचितच दोषी असतो. नुकतंच बांधलेलं इंजिन पहिले पाचशे-सहाशे किलोमीटर स्वतःच बदलत असतं. रिंगा बोअरला बसत असतात, घासलेल्या वॉल्व्ह सीट दबत असतात, हेडचं पॅकिंग आवळून पातळ होत असतं, नवी कॅम चेन थोडी ताणत असते. यातली प्रत्येक गोष्ट इंजिनाची हवेची मागणी किंवा टायमिंग किंचित हलवते. आज बरोबर बसवलेला स्क्रू पंधरा दिवसांनी चुकीचा ठरतो तो यामुळे. म्हणून ट्यूनिंग हे सगळ्यात शेवटचं काम आहे, आणि ते चांगल्या ट्यूनरकडून करून घ्यायचं असेल तर त्याच्याकडे आधी ट्यून होण्याजोगं इंजिन न्यावं लागतं. खालचा क्रम तसाच्या तसा पाळा. मधली पायरी गाळली तर पुढच्या पायरीचं माप खोटं येतं.

कधी ट्यून करायचं

दोन टप्प्यांत. इंजिन बांधल्याच्या दिवशी फक्त कामचलाऊ सेटिंग: स्लो कंपनीच्या आकड्यापेक्षा शंभर-दोनशे आरपीएम वर, मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) किंचित रिच, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त. खरं ट्यूनिंग ५०० किलोमीटरनंतर, टॅपेट (वॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) पुन्हा तपासून, दुसरं ऑइल बदलून झाल्यावर. पहिल्या दिवशीच घासूनपुसून काढलेलं ट्यूनिंग म्हणजे वाया गेलेले पैसे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिलं ऑइल ५० ते १०० किलोमीटरला काढा. त्यात होनिंगची (बोअर दगडाने घासण्याची) बारीक भुकटी आणि रिंगांचा चुरा असतो, ते आत फिरत ठेवण्यात काहीच फायदा नाही. दुसरं ५०० ला. या काळात महागडं सिंथेटिक ऑइल घालू नका. रिंगा बसायला थोडं घर्षण लागतं, साधं मिनरल ऑइलच योग्य. गाडी एकाच वेगात ओढू नका, वेग सतत थोडा वर-खाली ठेवा. अर्ध्यापर्यंत ॲक्सिलरेटर देऊन वेग वाढवायचा, मग सोडून द्यायचा, असं केल्याने रिंगा बोअरवर दाबल्या जातात आणि लवकर बसतात. पहिल्या दोनशे किलोमीटरांत डबल सीट, दुधाचे कॅन किंवा वैरणीचा भारा नको, आणि गोव्याच्या वाटेवरचा चोर्ल्याचा घाट तर नकोच. गाडी जागेवर उभी करून तासभर स्लोवर चालवत ठेवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. एअरकूल्ड इंजिनाला वारा लागत नाही, हेड तापतं आणि रिंगा बसण्याऐवजी बोअरवर काचेसारखी चकाकी येते. मग ते इंजिन कायम ऑइल पितं.

इंजिन चालून पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, हेडचे नट टॉर्क रेंचने हँडबुकातल्या आकड्याला पुन्हा तपासा. तिरक्या जोडीने, दोन-तीन टप्प्यांत. नट हलला की टॅपेटही बदलतो, म्हणून टॅपेट त्यानंतर.

थंड असताना छान, गरम झाली की बंद

ही सगळ्यात जास्त येणारी खोड आहे, आणि तिचं कारण दहापैकी बहुतेक वेळा टॅपेटमध्ये सापडतं. वॉल्व्ह नव्याने घासले की सीटवरची ताजी धार पहिल्या काही दिवसांत दबते आणि वॉल्व्ह हेडमध्ये किंचित आत जातो. वॉल्व्ह आत गेला की त्याची दांडी रॉकरच्या बाजूने तेवढीच वर येते आणि मधली फट कमी होते. म्हणजे टॅपेट ढिला होत नाही, घट्ट होतो. घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. उलट "आता इंजिन किती शांत झालं" असं वाटतं. गरम झाल्यावर वॉल्व्ह लांबीने वाढतो, फट शून्य होते आणि वॉल्व्ह केसभर उघडा राहतो. कॉम्प्रेशन गळतं, स्लो जातो, सायलेन्सरमध्ये फटाके येतात. असंच चालवत राहिलात तर एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतो, कारण वॉल्व्हची उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना. मॅग्नेटच्या बाजूचं छोटं झाकण काढून "टी" खूण (पिस्टन वरच्या टोकाला असल्याची) केसवरच्या खुणेसमोर आणा. दोन्ही रॉकर बोटाने थोडे हलले पाहिजेत. नाही हलले तर पिस्टन एक्झॉस्टच्या फेऱ्यावर आहे, क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा. फिलर गेजची पट्टी फटीतून किंचित ओढ लागून सरकली पाहिजे. जुन्या हीरो होंडा सीडी १०० घराण्यातल्या इंजिनांना ही फट ०.०५ मिमी असते. बाकी गाड्यांचे इनटेक आणि एक्झॉस्टचे आकडे वेगवेगळे असू शकतात, ते हँडबुकातून घ्या, अंदाजाने नको. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यानंतर पट्टी पुन्हा घालून बघा. अर्धे टॅपेट इथेच बिघडतात.

कास्ट आयर्न बुलेटची गोष्ट वेगळी आहे. तिथे थंड इंजिनात पुशरॉड बोटाने सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली जाणवण्याइतकी ढिलाई नको. फिलर गेज लागत नाही. बुलेटच्या नंतरच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरणारे) असल्याने टॅपेट लावायचा प्रश्नच नसतो. तिथे बांधल्यानंतर टकटक आली तर लिफ्टरमधली हवा आणि ऑइलची पातळी बघा.

टॅपेट बांधताना, ५०० किलोमीटरला आणि मग १५०० ला, असा तीनदा तपासा. तिसऱ्या वेळीही फट कमी होत असेल तर सीट नीट बसलेली नाही किंवा वॉल्व्हचं तोंड मऊ आहे. हेड खोलावं लागेल, स्क्रूने ते सुटणार नाही.

कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

गेज मोठ्या गॅरेजात असतं. इंजिन गरम, प्लग काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत सहा-सात जोरदार किक. ॲक्सिलरेटर बंद ठेवून मोजलं तर आकडा खोटा कमी येतो. ९:१ च्या आसपास कॉम्प्रेशन रेशो असलेल्या १०० ते १५० सीसी इंजिनात साधारण १० ते १३ किलो प्रति चौरस सेंटीमीटर मिळायला हवं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा रेशोच ६.५:१ असतो, तिथे आकडा बराच खाली असणं स्वाभाविक आहे. ऑटो डिकॉम्प्रेसर (किक मारताना वॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारा भाग) असलेल्या इंजिनात किकने घेतलेलं माप विश्वासाचं नाही.

आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून एक छोटा चमचा, साधारण ५ मिली, इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर गळती रिंगांतून आहे. तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग.

रिंगांची गळती नव्या इंजिनात का? बहुधा बोअरच्या मापात घोळ असतो. बोअर आधी आणि पिस्टन नंतर, असं होता कामा नये. ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० मिमी ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्यायचा, त्याचा व्यास मायक्रोमीटरने खालच्या काठापासून साधारण १० मिमी वर, पिनच्या आडव्या दिशेला मोजायचा, आणि पिस्टनच्या पाकिटावर दिलेली फट धरून बोअर मारायचा. बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचीवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजून द्यायला सांगा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी बोअर गेज दुर्मिळ नाही. मापं कागदावर न देणाऱ्या मशीन शॉपकडे सिलिंडर देऊ नये. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फटही बघा. ५० मिमी बोअरला ०.१५ ते ०.३० मिमी चालते. रिंगेवरचं अक्षर वरच्या बाजूला, आणि तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर.

अजून एक चूक धुण्यात होते. होनिंगनंतर सिलिंडर फक्त पेट्रोलने धुतात. पेट्रोल तेलकटपणा काढतं, दगडाची भुकटी खाचांत तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं आतून फिरवा. फडक्यावर राखाडी डाग येत असेल तोवर धुणं संपलेलं नाही.

धुराचं सांगायचं तर पहिल्या ५०-१०० किलोमीटरांत थोडा निळा धूर बांधताना लावलेल्या ऑइलचा असतो. ५०० नंतरही राहिला, तर उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर येणारा धूर वॉल्व्हच्या सील किंवा गाइडचा, आणि ओढताना सतत येणारा धूर रिंगांचा. असं इंजिन ट्यून होत नाही. ऑइल जळून प्लग काळा होतो आणि ट्यूनर ते रिच समजून पेट्रोल कमी करतो. मग तेच इंजिन लीन होऊन (पेट्रोल कमी, हवा जास्त) तापतं.

हवा कुठून घेते?

दुसरी मोठी खोड म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस खाली यायला वेळ लागणं, स्लो कधी ११०० तर कधी २०००, आणि गरम झाल्यावर हे वाढणं. हे जवळजवळ नेहमी कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडातून बाहेरची हवा शिरण्याचं लक्षण आहे. इंजिन उतरवताना रबर मॅनिफोल्ड वाकवला जातो, जुना ओरिंग तसाच परत बसतो, बेकलाइटचा इन्सुलेटर एका बाजूला जास्त आवळला जातो. कार्बोरेटरचा फ्लँज मऊ धातूचा असतो. दोन बोल्ट ताकद लावून आवळले की कान मागे वाकतात आणि मध्ये फट राहते.

शोधायचं कसं: गरम इंजिन स्लोवर ठेवा आणि फवाऱ्याच्या बाटलीने साधं पाणी जोडांवर एकेक करून थोडं-थोडं मारा. रेस क्षणभर बदलली की जागा सापडली. हेच काम पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारून करतात, पण तापलेला सायलेन्सर बाजूलाच असतो आणि आग लागू शकते. पाणी पुरेसं आहे. फ्लँज वाकला असेल तर सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून आठाच्या आकारात घासा, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. ओरिंग दर वेळी नवा. सिलिकॉनचा थर लावून भागवू नका. तो पेट्रोलमध्ये फुगतो आणि तुकडे आत जातात.

दुसऱ्या टोकाची गळती आवाज करत नाही, पण इंजिनाचा जीव घेते: एअर फिल्टरच्या डब्यापासून कार्बोरेटरपर्यंतचं रबर. खानापूर बाजूची लाल धूळ आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे उडणारी धूळ या फटीतून सरळ बोअरमध्ये जाते. नवा बोअर एका हंगामात घासला गेल्याच्या तक्रारींत बऱ्याच वेळा या रबराची क्लिप सैल असते किंवा रबर कडेला चिरलेलं असतं. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलने धुऊन, वाळवून, ऑइलमध्ये भिजवून पिळून लावा. कोरडा फोम धूळ अडवत नाही. आणि फिल्टर काढून "मोकळा श्वास" देण्याच्या भानगडीत पडू नका. त्याने मिक्श्चर लीन होतं आणि बोअर खराब होतो, दोन्ही एकदमच.

टायमिंग

ओढ कमी, किक मारायला हलकी, आणि ट्यून कितीही केलं तरी गाडी वरच्या रेसला जात नसेल तर कॅम चेन एक दात चुकली आहे का ते बघा. २८ दातांच्या कॅम स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे कॅमचे सुमारे १३ अंश, म्हणजेच क्रँकचे २६. इतक्या फरकावर गाडी सुरू होते आणि चालतेही, म्हणून संशय येत नाही. मॅग्नेटची "टी" खूण जुळलेली असताना कॅम स्प्रॉकेटची खूण हेडवरच्या खुणेसमोर आली पाहिजे. चेनची ढिलाई एका बाजूला ओढून, टेन्शनर बसवून, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून मगच खात्री करा.

सीडीआयच्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाड्यांत स्पार्कचं टायमिंग लावायचं नसतं, पण ते चुकू शकतं. मॅग्नेटखालची अर्धचंद्र चावी बसवताना कापली गेली तर मॅग्नेट थोडा फिरतो आणि सगळं टायमिंग सरकतं. टायमिंग लाइट लावून "एफ" खूण (स्पार्क पडण्याची) जागेवर दिसते का बघायला पाच मिनिटं लागतात. पॉइंटवाल्या बुलेट ३५० ला पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, आणि ऑटो ॲडव्हान्स (रेस वाढली की स्पार्क आधी पाडणारी यंत्रणा) मिटलेल्या स्थितीत पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी असताना पॉइंट उघडायला लागला पाहिजे. उघडण्याचा क्षण डोळ्याने धरू नका. पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद ठेवा, तो सुटतो तो क्षण.

चढाला खणखण आवाज येत असेल तर टायमिंगसोबत कॉम्प्रेशनही तपासा. ब्लॉकची कड घासून किंवा पातळ पॅकिंग टाकून उंची ०.३ मिमी कमी झाली, तर ५० मिमी बोअरच्या ९७ सीसी इंजिनाचा रेशो ९ वरून साधारण ९.४ वर जातो. हा आवाज कार्बोरेटरने झाकता येतो, बरा करता येत नाही.

इंजिनाबाहेरच्या गोष्टी

यावर फार वेळ लागत नाही, पण न बघितल्याने खूप पैसे जातात. मागचं चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेक धरत असेल किंवा चेन ताणलेली असेल तर "पिकअप नाही" ही तक्रार इंजिनाची नाहीच. इंजिन लेथवर असताना गाडी महिना-दीड महिना उभी राहते. तेवढ्यात कुंभारीण सायलेन्सरमध्ये, ब्रीदरच्या नळीत किंवा कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीत मातीचं घर करून ठेवते. तारेने तपासा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर गाडी दहा-पंधरा किलोमीटरवर बंद पडते आणि झाकण उघडून मिटलं की पुन्हा चालते. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या टाकीत पाणी असतंच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला वेगळा होतो. अशी टाकी पूर्ण रिकामी करायची, वरून नवं पेट्रोल ओतून भागत नाही.

आता कार्बोरेटर

कुठल्या ॲक्सिलरेटरला खोड येते ते आधी ठरवा. मुठीवर आणि हाऊसिंगवर पांढऱ्या टेपने बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. बंद ते आठवा हिस्सा पायलट जेट (स्लोचं पेट्रोल देणारं बारीक भोक) आणि स्क्रूचा. तिथून पावापर्यंत स्लाइडची (ॲक्सिलरेटरसोबत वर-खाली होणाऱ्या तुकड्याची) कापलेली कड. पाव ते पाऊण नीडलचा (स्लाइडला लटकलेल्या सुईचा). पाऊण ते पूर्ण मेन जेटचा. अर्ध्यावर मिसिंग मारणाऱ्या गाडीचा एअर स्क्रू फिरवत बसणं व्यर्थ आहे.

लीन की रिच हे ओळखायला चोक वापरा. खोड येते त्या ॲक्सिलरेटरवर चालवताना चोक थोडा ओढा. गाडी सुधारली तर लीन, आणखी गुदमरली तर रिच. प्लगच्या रंगावर फार विसंबू नका. नव्या रिंगांतून येणाऱ्या ऑइलने तो काळवंडतो आणि आताच्या पेट्रोलमध्ये बरोबर मिक्श्चरचा प्लगही फिकट दिसतो.

स्क्रू कुठला आहे ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत फिरवला की लीन. बऱ्याच ठिकाणी हेच उलट होतं. सुरुवात हलक्या हाताने पूर्ण आत आणि मग दीड फेरा बाहेर. जोरात आवळला तर टोक रुतून बसतं आणि तो कार्बोरेटर कायमचा बिघडतो. पाच-सात किलोमीटर चालवून गरम झाल्यावर स्लो कंपनीच्या आकड्यावर आणा (१०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना १४०० च्या आसपास). मग स्क्रू आठव्या हिश्श्याने फिरवत जास्तीत जास्त रेस मिळेल ती जागा शोधा. प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबा, इंजिन लगेच उत्तर देत नाही. मग स्लोच्या स्क्रूने रेस परत खाली आणा आणि हे सगळं एकदा पुन्हा करा. हवेच्या स्क्रूची उत्तम जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत आली तर पायलट जेट एक नंबर मोठा हवा. तीन फेऱ्यांच्या पलीकडे गेली तर लहान. पेट्रोलच्या स्क्रूला याच्या उलट.

नीडलची क्लिप एक खाच खाली लावली की नीडल वर येते आणि मिक्श्चर रिच होतं. एका वेळी एकच खाच, आणि एका वेळी एकच बदल. व्हॅक्यूम कार्बोरेटर असेल तर डायफ्रॅम उजेडासमोर धरून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी गाडी अर्ध्याच्या वर ओढत नाही.

जुन्या गाड्यांना आता एक नवी अडचण आहे. देशात ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालं आणि आता पंपावर तेच मिळतं. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल त्यात असतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तीच जेट ठेवली तर जुनी कार्बोरेटरची गाडी सात-आठ टक्के लीन चालते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा जेटचा नंबर "कंपनीचा आहे" म्हणून डोळे झाकून ठेवू नका. मेन जेट एक पायरी वरचा आणि नीडल एक खाच रिच, इथून तपासायला सुरुवात करा. फ्लोटच्या सुईचं रबर आणि बाऊलचा ओरिंगही बदलून घ्या, जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं.

उंचीचा परिणाम याच्या उलट्या दिशेचा आहे, पण लहान. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के विरळ आणि मिक्श्चर ३-४ टक्के रिच. त्यामुळे बेळगावात काठावर लीन लावलेली गाडी चोर्ल्यातून गोव्यात उतरली की तिथल्या सपाट रस्त्यावर लांब ओढीला तापते. महिन्यातून दोनदा पणजी-वास्कोला जाणाऱ्याने ट्यूनरला हे आधी सांगावं, म्हणजे तो मेन जेट तेवढा रिच ठेवेल. पुण्यात (५६० मीटर) किंवा बंगळुरात (९०० मीटर) डायनोवर (गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर) ट्यून करून आणलं तर फरक इतका थोडा असतो की चिंता नको.

ट्यूनरकडे काय मागायचं

साध्या कार्बोरेटरच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या गाडीला स्लोचं मिक्श्चर तपासायला एमिशन टेस्टचं मशीन उत्तम. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या, बीएस ४ (प्रदूषणाचे नियम) च्या आधीच्या फोर स्ट्रोक दुचाकींना मर्यादा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम आहे. सर्टिफिकेटपुरतं न बघता नळी लावून ठेवून स्क्रू फिरवू द्या म्हणावं. सीओ दीड ते अडीच टक्क्यांत स्थिर राहिला पाहिजे. सीओ कमी आणि हायड्रोकार्बन मात्र खूप, असं दिसलं तर मिसफायर आहे किंवा हवा शिरते आहे. मागे जाऊन ते शोधा.

वाइडबँड सेन्सर (सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजून मिक्श्चर सांगणारा) असलेल्या ट्यूनरकडे जात असाल तर सायलेन्सरच्या पाइपवर एम१८ × १.५ चा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करून घ्या, हेडपासून थोड्या अंतरावर आणि आडव्यापेक्षा किमान १० अंश वर कललेला, म्हणजे सेन्सरमध्ये पाणी साचणार नाही. हेडजवळचं सायलेन्सर पॅकिंग नवं टाका. तिथे गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर लीन दाखवतं. आकडे लॅम्डामध्ये (मिळालेली हवा भागिले नेमकी लागणारी हवा, १ च्या खाली रिच) मागा, कारण ई२० मुळे हवा-पेट्रोलच्या आकड्यांत गोंधळ होतो आणि लॅम्डा तसाच राहतो. एअरकूल्ड गाडीला स्लोवर ०.९२ ते ०.९५, साध्या चालीत ०.९७ ते १.००, आणि पूर्ण ॲक्सिलरेटरला ०.८६ ते ०.८८. पूर्ण ओढीला ०.९५ दाखवून "ॲव्हरेज चांगलं येईल" म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊ नका. नवा पिस्टन त्यात जाम होतो.

सोबत न्यायचा कागद असा भरा: पिस्टनचा साइज, बोअरची मापं, कॉम्प्रेशनचा आकडा, टॅपेट कधी आणि किती, बांधल्यापासून किती किलोमीटर, आता असलेले पायलट आणि मेन जेटचे नंबर, नीडलची खाच, स्क्रू किती फेरे बाहेर, फ्लोटची उंची. परत येताना त्याच कागदावर नवे आकडे लिहून घ्या. पुढच्या वेळी कुणी स्क्रू हलवला तर मूळ जागा हातात असते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ इंजेक्शनच्या गाड्यांत फिरवायला स्क्रूच नाही. बोअरनंतर थ्रॉटल बॉडी साफ करा, बॅटरीचा व्होल्टेज बघा, स्कॅनरने एरर कोड वाचून पुसा आणि कंपनीच्या पद्धतीने रीसेट करा. ५० चा बोअर ५१ झाला तर सीसी चार टक्के वाढतो. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर तेवढं सांभाळून घेतो. पूर्ण ॲक्सिलरेटरला तो बाजूला होतो, म्हणून १ मिमी ओव्हरसाइजनंतर पूर्ण ओढीचा लॅम्डा एकदा तरी मोजून घ्या. स्लो हलत असेल तर ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) दोष देण्याआधी टॅपेट आणि मॅनिफोल्ड, वर सांगितलेल्याच क्रमाने.